आज पुन्हा बँड आवळला

सकाळी बेळगावला जाऊन पोटातला बँड, म्हणजे वजन उतरावं म्हणून जठराभोवती बसवलेला पट्टा, थोडा आवळून आले. कातडीखाली नाण्याएवढा पोर्ट बसवलाय, त्यात सुई टोचून सलाईन भरतात. बँड फुगतो, जठराची वरची वाट अरुंद होते. आज फक्त अर्धा मिली! मग बसवून घोट घोट पाणी प्यायला लावलं, खाली उतरतंय का बघायला. उतरलं की. आता दोन दिवस ताक, सार, गाळलेलं सूप.

खानापूरची बस धरायला येताना वाटेत कुंद्याचं, त्या बेळगावी दुधाच्या मिठाईचं, दुकान. कुंदा मऊ, बँडमधनं सरळ घसरतो, त्याला काय अडवणार? अडवायचं मलाच. वास घेतला नि चालू लागले. (दोनदा मागं वळून बघितलं, खोटं कशाला बोलू.)

घरी पाऊल टाकतेय तोवर सासूबाई, "जेवलीस काय गं? भाकरी टाकू?"