स्लॅबच्या पोटात जाणारे दहा पाइप

शनिवार, रात्री पावणेबारा

आज परत साताऱ्याला प्लॉटवर जाऊन आलो. खंबाटकीत येताना दीड तास अडकलो त्यामुळे डोकं दुखतंय, पण लिहून ठेवतो नाहीतर उद्या विसरेन. पुढच्या रविवारी खालच्या मजल्याचा स्लॅब आहे. मुकादमाने सांगितलं की छतात जे काय घालायचंय ते शुक्रवारपर्यंत घाला, नंतर माझ्याकडे येऊ नका. त्यामुळे गेली दोन वर्षं फोनमध्ये साठवलेली सगळी स्वप्नं आता सहा दिवसांत पाइपमध्ये बसवायची आहेत.

प्लॅन असा. हॉलमध्ये छतात दोन स्पीकर, व्हरांड्यात झोपाळ्याच्या वर दोन, स्वयंपाकघरात एक, देवघरात एक आणि थिएटरच्या खोलीत छतात चार. एकूण दहा. प्रत्येकाच्या वायरीचा पाइप वेगळा आणि सगळे एकाच जागी येणार, एकातून दुसऱ्यात असं नाही. हे वायरमन मामांना पटवायला अर्धा तास गेला कारण त्यांचं म्हणणं लायटीसारखं एका बॉक्सातून दुसऱ्या बॉक्सात नेऊ की, पाइप वाचतोय. मी सांगितलं मामा आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन, आणि घरातला साधा अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, दोन ओहमवर तापून बंद पडतो. मामा म्हणाले, "मग लोड वाढला म्हणा की सरळ." हो, लोडच. एवढं सरळ मला आधी सुचलं नव्हतं.

वायरीवरूनही गंमत. मी जाडी सांगितली 14 गेज, ते त्यांच्या जुन्या मापात म्हणाले तीन-बावीस का सात-वीस? शेवटी अडीच चौरस मिलिमीटरची सुटी तांब्याची वायर यावर एकमत झालं, 14 गेजपेक्षा जरा जाडच आहे ती, चालेल. लायटीच्या पाइपापासून फूटभर लांब ठेवायचे आणि जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडायचं, हे मात्र त्यांनी वहीत लिहून घेतलं.

सोमवार

आज सुट्टी टाकून गेलो. बायकोला थिएटरची खोली दाखवायची होती. खोली म्हणजे अजून चार कॉलम आणि मधे वारा, भिंती स्लॅबनंतर येणार. सेंट्रिंगचे टेकू लागायच्या आत बघून घेऊ म्हटलं. दोन कॉलमच्या मधे सुतळीने चौकट बांधली, 7 फूट 3 इंच रुंद आणि 4 फूट 1 इंच उंच, 100 इंची पडदा एवढाच असतो. मग दहा फूट मागे सिमेंटची दोन पोती टाकली, तो सोफा. बायको पोत्यावर बसली आणि चौकटीतून पलीकडे शेजाऱ्यांची म्हैस दिसत होती. पाच मिनिटं आम्ही दोघं गंभीरपणे म्हैस बघत बसलो. ती म्हणाली मान वर करावी लागतेय, चौकट खाली घे. घेतली सहा इंच खाली. हे कुठल्याही कागदावर कळलं नसतं.

नकाशात ही खोली 12 बाय 12 होती. चौकोनी खोली ऐकायला चांगली नसते, समोरासमोरच्या भिंतींत ठरावीक सूर अडकतो. 12 फुटाला तो साधारण 47 हर्ट्झ येतो, आणि दोन्ही बाजू 12 च्या असल्या की दोन्हीकडून तोच सूर फुगतो, म्हणजे एका खुर्चीत ढोल घुमतोय आणि शेजारच्या खुर्चीत कोणी ढोल वाजवतंय हेच कळत नाही. शेजारी 12 बाय 5 ची कोठी होती, ती आत घेतली की 12 बाय 17 होते आणि लांबीचा सूर 33 वर जातो, ते दोघं मग एकमेकांवर चढत नाहीत. आर्किटेक्टने भिंत सरकवायला दोन मिनिटांत हो म्हटलं.

आईने म्हटलं नाही. कोठी आईची होती.

मंगळवार

आईशी फोनवर चाळीस मिनिटं. लोणच्याच्या बरण्या, गव्हाची पोती, दिवाळीचे मोठे डबे, पाटा-वरवंटा (जो वीस वर्षांत कोणी वापरला नाही), हे सगळं कुठे ठेवायचं? जिन्याखाली. पण जिन्याखाली मी अ‍ॅम्पचं कपाट ठेवणार होतो, दहा पाइप तिथेच येणार होते. आई म्हणाली, "तुझ्या मशिनी तापतात म्हणतोस, मग माझ्या लोणच्याशेजारी कशाला?" यावर काही बोलता येत नाही. अ‍ॅम्पचं कपाट आता थिएटरच्या मागच्या भिंतीत, म्हणजे सगळ्या पाइपांची वाट बदलली, मामांना परत फोन, मामा फक्त "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ मला कळतो.

मग मी सहज, म्हणजे खूष करायला, सांगितलं की देवघरातपण स्पीकर देतोय, गणपतीत एकदा आरती लावली की पूर्ण घरात ऐकू येईल, व्हरांड्यापर्यंत. आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आरती म्हणायची असते. लावायची नसते."

फोन ठेवल्यावर बायकोला सांगितलं तर ती हसत सुटली. मग तीही म्हणाली की माझ्या कामाच्या खोलीत तुझं काही येऊ देऊ नकोस, मला कॉल असतात. बाबा तर पहिल्यापासून सांगतायत की नऊनंतर माझ्या खोलीत धडधड नको. आवाज कुठे पोचवायचा याची माझी यादी पानभर आहे आणि घरातले सगळे मला कुठे पोचू नये ते सांगतायत.

बाबांचं म्हणणं खरं तर सगळ्यात अवघड आहे. सबवूफरचा, म्हणजे खालचे जाड सूर काढणाऱ्या स्पीकरचा, आवाज नुसता दाराने जात नाही, भिंतीतून आणि स्लॅबमधूनही जातो, आणि त्याला अडवायला वजन लागतं. आधी सगळ्या आतल्या भिंती हलक्या सिमेंट ब्लॉकच्या ठरल्या होत्या, स्वस्त पडतात आणि काम झटपट. आता बाबांच्या बाजूची भिंत नऊ इंची, लाल विटेची, दोन्हीकडून गिलावा. दारही भरीव लाकडाचं. खर्च वाढला, वाढू दे. पातळ भिंतीवर स्पंज चिकटवून हे थांबत नाही, स्पंज खोलीतला घुमारा कमी करतो, पलीकडे जाणारी धडधड नाही. हे मला एका दुकानदाराने बरोबर उलटं सांगितलं होतं आणि मी जवळजवळ घेतलेच होते त्याचे स्पंजचे तुकडे.

बाबांची मागणी एकच. सकाळी आकाशवाणी लागली पाहिजे. मोबाईलवर लावून देतो म्हटलं तर म्हणाले त्यात बातम्या उशिरा येतात, घड्याळ लावता येत नाही. बरोबर आहे, इंटरनेटवरून अर्धं-एक मिनिट मागे असतंच. म्हणून गच्चीवर एफएमचा अँटेना आणि तिथून खाली आणखी एक पाइप. सळईच्या जंगलात रेडिओ नीट लागत नाही, आत्ताच्या फ्लॅटमधेही बाबा ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवूनच ऐकतात.

शुक्रवार, रात्री

फळ्या पडल्या, सळई बांधून झाली, बॉक्स ठोकले. प्रोजेक्टरच्या एचडीएमआयसाठी, म्हणजे चित्र नेणाऱ्या वायरीसाठी, मी दोन इंची पाइप स्लॅबमधून न्या म्हणालो कारण 25 एमएमच्या पाइपातून वायर जाते पण तिचं टोक वळणावर अडकतं. इंजिनिअर साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं. स्लॅब पाच इंचाचा, त्यात दोन इंच पोकळी? मग तो पाइप भिंतीतून वर आणि पुढे फॉल्स सीलिंगमधून. ठीक आहे, तिथे तो बदलताही येईल. या वायरींचं दर चार-पाच वर्षांनी काहीतरी नवीन येतं, त्यामुळे प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी टाकून ठेवलीय, उद्या दुसरी वायर ओढायला.

शेवटी मी, मामा आणि त्यांचा पोरगा तिघांनी मिळून सगळ्या बॉक्समधे जुन्या पेपरचे बोळे कोंबले, वरून चिकटपट्टी, नाहीतर काँक्रीटचं पाणी आत जातं आणि पाइप कायमचा गेला. बोळे कोंबताना मी दोन वर्षांपूर्वीची राशिभविष्यं वाचत होतो. वास्तुयोग होता म्हणे तेव्हा माझा.

रविवार

स्लॅब झाला. सकाळी सातला नारळ फोडला, मिक्सर सुरू झाला तो संध्याकाळी पाचला थांबला. दहा तास कानात तेवढंच, व्हायब्रेटर आणि मुकादमाच्या शिव्या. पोरांना मटण-भाकरी. मी दिवसभर दहा बॉक्सच्या जागा बघत फिरत होतो, कोणी पाइपावर पाय देतंय का, एकदा दिलाच एकाने, व्हरांड्याचा, मामांनी लगेच जोड परत बसवला. तो तरी उघडा आहे का ते फळ्या काढल्यावरच कळणार.

संध्याकाळी आई-बाबांना घेऊन आलो. आईने खालून टेकूंच्या गर्दीतून वाकून देवघराची जागा बघितली आणि विचारलं, इथे वर काय घातलंस शेवटी? मी खरं सांगितलं, स्पीकरचा पाइप राहिलाय, काढायचा होता, गडबडीत राहिला. मामा मागून म्हणाले, "साहेब, तिथं मी चुकून पंख्याचा बॉक्स ठोकलाय, हूकवाला. स्पीकरचा न्हाय."

मी चिडणार होतो. आई म्हणाली, हूक आहे? मग आजीचा लामणदिवा लावू तिथे, माळ्यावर आहे तो, साखळी तुटलीय फक्त.

मामांनी खिशातून टेप काढला आणि विचारलं, साखळी किती फुटाची करायची?