बुरशीची आवडनिवड

दसरा झाला आणि पावसाने खरंच पाठ फिरवली अशी खात्री पटली की आमच्याकडे पुस्तकं उन्हात घालतात. मे महिन्यात ज्या अंगणात भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं वाळतात, तिथेच ऑक्टोबरात कादंबऱ्या. गोव्याच्या पावसाचे चार महिने काढलेल्या घरात मिठाला पाणी सुटतं, चपला हिरव्या होतात, तिथे कागदाची काय कथा!

यंदा दुपारी पुस्तकं चटईवर मांडताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. आल्यागेल्याला दिसावेत म्हणून वरच्या फळीवर लावलेले वैचारिक ग्रंथ, समीक्षा, पुरस्कारवाली जाड पुस्तकं यांच्यावर पिठी भुरभुरल्यासारखी बुरशी. आणि पलंगाखालच्या खोक्यातल्या माझ्या प्रेमकथा, जादूच्या तलवारी, शापित राजकन्या? खडखडीत कोरड्या. पावसाळाभर कोण कुणाच्या हातात होतं, याची चहाडी बुरशीने भर अंगणात केली. साठी उलटलेल्या बाईची ही आवड मी चारचौघांत कबूल करत नाही. विचारलंच तर ‘सध्या संतसाहित्य चाललंय’ म्हणते. संतसाहित्यालाही थोडी लागलीय, म्हणजे ते चाललेलं नव्हतं.

खोड आजीची. फोंड्याजवळच्या घरात जेवणं आटोपली की ती सोप्यावर भिंतीला टेकून, चष्म्याची दोरी कानाला गुंडाळून मोठ्याने वाचायला बसे. तिच्याकडे कादंबरीकार नाथमाधवांचं १९१३ सालचं ‘वीरधवल’ होतं, मुखपृष्ठाविना, पाठीला खाकी कागद चिकटवलेलं. सिंहगडाच्या कड्यावरून पडून हा माणूस कमरेखाली लुळा झाला आणि मग लिहायला लागला, हे मला फार उशिरा कळलं. ज्याला घरात चार पावलं टाकता येत नव्हती, त्याच्या वीरांनी आमच्या सोप्यावर दुपारभर धुमाकूळ घातला होता.

आजी वाची मराठीत आणि शेरे मारी कोंकणीत. नायिका ‘प्राणनाथ, या दासीचा त्याग करू नका’ म्हणून कोसळली, की आजी बोट ओळीवर तसंच ठेवून म्हणे, “पिशी गो ती!”, म्हणजे वेडी आहे ती, आणि पुढे वाचू लागे. आवाजात तोच गहिवर. आम्ही घरात कोंकणी बोलणारी, पुस्तकातून मराठी वाचणारी माणसं. त्यामुळे प्रेम ही मराठीत करायची गोष्ट आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आजी स्वतः आजोबांना “आयकलें?” एवढीच हाक मारी. आजोबा ऐकत नसत, ते वेगळं.

लग्नानंतर मी दिवाडीला, मांडवीतल्या बेटावर, आले आणि वाचन फेरीबोटीवर येऊन पडलं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून बोट सुटली की पलीकडे लागेपर्यंत एक चुंबनसुद्धा धड पुरं होत नाही. पण रांगेत थांबायचा वेळ भरपूर, त्यात अख्खा स्वयंवराचा प्रसंग बसतो. माझी तक्रार कादंबरीकारांविषयी आहे. यांचे नायक नद्या घोड्यावरून पार करतात. मांडवीत घोडा घालून दाखवा म्हणावं! अद्भुत राज्यांचे नकाशे काढतात, डोंगर, दऱ्या, सात दरवाजांचे किल्ले, आणि तर, म्हणजे नदी ओलांडायची होडी, कुठेच नाही. अलीकडच्या नकाशावाल्या कादंबऱ्या उघडल्या की मी आधी तेच शोधते. नदी आहे आणि तर नाही, तर त्या राज्यात लोक बाजाराला जातात कसे? ड्रॅगनला माझी काही हरकत नाही.

दुसरी खोड, शेवटचं पान आधी वाचायचं. दोघं जिवंत आहेत एवढं बघून घ्यायचं, मग चारशे पानं काय वाटेल ते होवो. गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांत ही सोय पेन्सिलीने केलेली असे. ‘घाबरू नका, तो भाऊ निघतो, पान २१४.’ ते अक्षर कुणाचं हे मी कित्येक वर्षं शोधलं. बाईचं असावं.

हे सगळं आठवत मी सोप्यावर बसलेली, तेवढ्यात शेजारीण फाटकाशी थांबली. “कितें गो, विकपाक काडल्यांत?” विकायला नाही म्हटलं, ऊन दाखवतेय. ती आत आली, चटईभोवती एक फेरी मारली. बुरशीवाल्या मोठ्या पुस्तकांना पदर लागू नये म्हणून सावरून घेतला. मग वाकून नेमकी शापित राजकन्या उचलली, शेवटचं पान उघडून पाहिलं, मिटलं.

“आठ दिसांनी हाडून दितां,” म्हणाली.

मागच्या ऑक्टोबरातलं अजून आलेलं नाही. पण तिच्याकडे पुस्तकाला बुरशी लागायची नाही, हेही खरं.