बकरीले दिवस कोन सांगते?

आपल्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली बहुतेक वेळा हेडमास्तरांच्या घरी. म्हणून विज्ञानाचे सर बाजाराच्या दिवशी खाटकाकडून बोकडाचे गुर्दे चरबीसकट आणायचे. त्या चरबीत चाचपडून त्यांनी एकदा शेंगदाण्यासारखी गाठ काढली आणि ब्लेडनं उभी कापली. कडेचा रंग वेगळा, गाभ्याचा वेगळा. "अधिवृक्क ग्रंथी. एकात दोन हायेत," एवढंच बोलले.

एकात दोन कशा, ते नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात कळलं. बाहेरचा थर गर्भाच्या मध्यस्तरातून तयार होतो, मूत्रपिंडं आणि जननग्रंथी जिथं आकार घेतात त्याच्या अगदी शेजारी. माणसाच्या गर्भात ही सुरुवात पाचव्या आठवड्याच्या आसपास दिसते. गाभ्याच्या पेशी मात्र पाठीकडच्या, चेतासंस्थेच्या घराण्यातल्या. त्या चालत येऊन या थरात शिरतात. त्यातल्या बऱ्याचशा मज्जातंतूंच्या कडेनं येतात, हे उंदरांवरच्या अभ्यासातून 2017 मध्ये पुढं आलं. म्हणजे मी पदवी घेतली तेव्हा पुस्तकात हे नव्हतंच!

आमच्या वर्गातल्या एका पोरानं सरांना विचारलं होतं, "सर, बकरीले कोन सांगते का आज जनाचं हाय?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि कितीतरी दिवस पुसू दिला नाही.

सांगतं पोटातलं पिल्लूच. पाच महिने भरत आले की त्याच्या मेंदूखालची पीयूष ग्रंथी अधिवृक्काला चेतवते आणि तिच्या बाहेरच्या थरातून निघणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. त्यानं वारेतली रसायनं पालटतात, गाभण ठेवणारं प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि कळा सुरू होतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स या संशोधकांनी मेंढीच्या गर्भातली पीयूष ग्रंथी नष्ट केली, तर मेंढी दिवस उलटले तरी व्यायली नाही. उलट गर्भाला कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड दिलं तेव्हा कोकरं वेळेआधी जन्मली, आणि फुप्फुसं कच्ची असायला हवी होती तरी काही श्वास घेत राहिली. त्यांनी 1969 मध्ये हे मांडलं. लिगिन्स आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी 1972 मध्ये असंच स्टेरॉइड गर्भवती बायांना देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. आज दिवस भरण्याआधी कळा आलेल्या बाईला बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याचं मूळ त्या कोकरांत आहे.

सर निवृत्त झाल्यावर हे सगळं त्यांना सांगितलं. चहा ओतता ओतता म्हणाले, "अन् मानसाचं?"

माणसाचं गणित निराळं. आपल्या गर्भाची अधिवृक्क ग्रंथी शरीराच्या मानानं मोठ्या माणसाहून कितीतरी पटीनं मोठी असते. ती जो कच्चा माल पाठवते, त्यातून वार इस्ट्रोजेन बनवते. जन्मानंतर तो जादा भाग काही महिन्यांत विरून जातो. पण मेंढीच्या वारेत कॉर्टिसॉल जे विकर (एन्झाइम) जागवतं, ते माणसाच्या वारेत जवळजवळ नसतं. त्यामुळे बाईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कळांआधी तसं कोसळत नाही, आणि बकरीचं उत्तर तिला जसंच्या तसं लागू पडत नाही.