लाखीचा निकाल लागला: सिंहांच्या बाजूला कणसं सापडली

काल रात्री निकाल लागला. लाखी म्हणजे टाकसाळीतल्या चुकीमुळे दोन्ही बाजूंना एकच चित्र आलेलं नाणं, एका बाजूला उठावाचं आणि दुसऱ्या बाजूला खोल, उलटं. परत करायच्या अटीवर मागवलेली स्टेनलेस एक रुपयाची लाखी टाकसाळीत झालेली नाही. कुणीतरी खऱ्या नाण्यावर दुसरं नाणं प्रेसमध्ये दाबून केली आहे, आणि आता मी ते डोळ्यांनी दाखवू शकतो.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा तपासणीची गाडी वजनावर येऊन थांबली होती. ४.८५ ग्रॅम हवं, काट्यावर ४.८३ भरलं. व्यास २५ मिमी, बरोबर. चुंबकाला चिकटतं, तेही बरोबर. आपल्या नाणी जमवणाऱ्यांतल्या तिघाचौघांनी तिथंच अस्सल म्हणून मोकळं केलं. पण दाबून केलेल्या लाखीचं वजन चुकेल कसं? मूळ नाणं खरंच असतं. त्यातून काही काढलेलं नसतं, त्यात काही घातलेलं नसतं. वजनकाटा पकडतो तो ओतीव माल, नाहीतर दोन अर्धी नाणी घासून चिकटवलेला माल. इथं त्याचं काही काम नाही.

मला पहिल्यापासून खटकलं होतं ते विक्रेत्यानं लिहिलेलं वर्णन. ‘१९९५, मुंबई टाकसाळ, सिंह लाखी’. नाण्याच्या दोन्ही बाजूंना सिंह, एका बाजूला उठावाचे, दुसऱ्या बाजूला खोल आणि उलटे. आधीचं नाणं साल असलेल्या डायला, म्हणजे चित्र उठवणाऱ्या साच्याला, चिकटून राहिलं, ती डाय झाकली गेली आणि नव्या चकतीवर त्या नाण्याच्या सिंहांचा उलटा ठसा बसला, असाच याचा अर्थ होतो. मग त्यावर १९९५ आलं कुठून? साल आणि टाकसाळीची खूण दोन्ही त्या झाकलेल्या बाजूला असतात. सिंह लाखीला साल नसतंच. फार तर स्टेनलेस आहे म्हणून १९९२ ते २००४ मधलं, एवढंच म्हणता येतं. अंक असलेल्या बाजूची लाखी असेल तर साल दोनदा दिसतं, एकदा सुलट आणि एकदा उलट. सिंह लाखीवर साल छातीठोक लिहिणाऱ्याला एकतर लाखी कळत नाही, नाहीतर दाबण्याआधी त्याच नाण्यावर ते साल त्यानं वाचलेलं असतं.

एवढ्यावर खोटं ठरवणं मला पटेना, कारण अडाणी विक्रेत्याकडेही खरा माल असू शकतो. म्हणून उठावाची बाजू भिंगाखाली घेतली. सिंहांची आयाळ सपाट झालेली. वापरून झिजली की दाबून चेपली, यावरच सगळं अडून बसलं. वापरानं झिजलेलं नाणं गोलसर होत जातं, उंच भागांच्या कडा मऊ पडतात, खोलगट भागात मळ बसतो. चेपलेल्या नाण्यावर उंच भागांवर लहान लहान चकाकणारी मैदानं दिसतात आणि त्यांच्या कडा धारदार राहतात. माझ्या नाण्यावर दोन्ही होतं. आधी बरंच फिरलेलं आणि मग दाबलेलं नाणं असंच दिसेल, पण ‘दिसेल’ म्हणून चालत नाही.

मग सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत प्रेस टूलचं वर्कशॉप असलेल्या मित्राकडे गेलो. चलनातल्या नाण्यावर प्रयोग करायचा नाही हे ठरलेलं होतं. नाणे अधिनियम २०११ प्रमाणे नाणं वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे. जुन्या कँटीनची पितळी टोकनं होती, ती नेली. एक टोकन दुसऱ्यावर ठेवून, खाली जाड कातडं घालून दाबलं. मित्र म्हणाला, ‘‘दादा, दोन्ही सारखीच कडक असली की दोघंबी चेपणार. एक जाऊन दुसऱ्यात खोल बसणार न्हाई.’’ तसंच झालं. ठसा उथळ आला, उलट्या अक्षरांच्या आजूबाजूला टोकनचा मूळ आकडा पुसट राहिला, आणि कातड्याच्या बाजूनं टोकन जरासं वाटीसारखं झालं.

टाकसाळीतली लाखी वेगळी का दिसते तेही इथं हातात आलं. तिथं खाली असते कोरी चकती, तापवून मऊ केलेली, तिच्यावर आधीचं काही चित्र नसतं. म्हणून पहिल्या ठोक्याची लाखी खोल आणि रेखीव येते, आणि दुसऱ्या बाजूचं चित्र तितकंच भरीव उठतं. पुढच्या ठोक्यांना चिकटलेलं नाणं पसरत जातं आणि ठसा मोठा, फिसकटलेला होतो. माझ्या नाण्यावर ठसा रेखीव होता, पण उथळ.

घरी आलो आणि मूळ आकडा कुठं शोधायचा ते कळल्यामुळे काम सोपं झालं. यूएसबी मायक्रोस्कोपचा गोल दिवा बंद केला. तो चारी बाजूंनी उजेड टाकतो, त्यामुळे पुसट उंचवट्यांना सावलीच पडत नाही. नाणी बघायला हा दिवा घातक आहे हे माझं ठाम मत झालं आहे. मोबाईलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, नाणं हळूहळू फिरवलं. उलट्या ‘भारत’च्या शेजारी तीन बारीक दाणे दिसले, एकाखाली एक. एकच्या अंकाशेजारच्या कणसाचे दाणे! त्याच बाजूवर पलीकडच्या कडेला दुसऱ्या कणसाची दांडी. कोऱ्या चकतीवर कणसं असू शकत नाहीत. काचेवर ठेवलं तर नाणं किंचित डुलतंही.

हे लिहिताना एक सुचलं. दाताचे डॉक्टर माप घ्यायला जी सिलिकॉनची पुट्टी वापरतात, तिच्यात खोल बाजूचा साचा घेतला तर सिंह उठावाचे मिळतील आणि दाण्यांच्या जागी बारीक खळगे येतील. नाण्याला ओरखडा नाही. विश्रामबागेत ओळखीचे डॉक्टर आहेत, उद्याच विचारतो. म्हणजे नाणं आणखी दोन दिवस थांबणार, परतीची मुदत तेवढी आहे. आधी लगेच पाठवायचं ठरवलं होतं, पण साचा हाताशी राहिला तर पुढच्या प्रत्येक लाखीशी ताडून बघता येईल.

मध्येच एक आनंदाची गोष्ट. गणपती पेठेत सुट्ट्या पैशांत जाड पाच रुपयांचं नाणं आलं. सवयीनं वर-खाली चिमटीत धरून उभ्या अक्षावर फिरवलं, तर मागची बाजू चक्क आडवी! जवळजवळ नव्वद अंशांचं डाय रोटेशन, म्हणजे एक डाय फिरलेली असताना पडलेलं नाणं, आणि ते मिळालं पाच रुपयांत. बाजारात याला फार भाव नाही, पण हे घरी करता येत नाही, म्हणून मला ते लाखीपेक्षा लाडकं आहे.

दोन धातूंच्या दहाच्या नाण्यातली चूक म्हणून विकतात ती नाणी घ्यावीत का, असं दोघांनी विचारलं होतं. मधली चकती कड्याच्या तुलनेत फिरलेली किंवा उलटी असलेलं दहाचं नाणं घेऊ नका. चकती आणि कडं एकाच ठोक्यात जोडले जातात आणि त्याच ठोक्यात दोन्हींवर चित्र उमटतं, त्यामुळे टाकसाळीत असं होऊच शकत नाही. ती ठोकून काढून परत बसवलेली असते.

किमतीचं म्हणाल तर जाहिरातीतला आकडा ही मागणी असते. टोडीवाला किंवा मरुधरसारख्या लिलावांत प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा, आणि तीच टाकसाळ, तोच धातू, तोच प्रकार जुळवा. माझ्या लाखीचे साडेतीन हजार मागितले होते. दाबलेलं नाणं म्हणून तिची किंमत एक रुपया. रिझर्व्ह बँकेच्या नावानं फी मागून जुनी नाणी विकून देतो म्हणणाऱ्यांबद्दल बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं आहे, तरी तसले मेसेज घरच्या ग्रुपवर येतच आहेत. घरच्यांना सांगा.

आता नजर आहे अंक बाजूच्या पाच रुपयांच्या लाखीवर. साल दोन्हीकडे दिसतंय, ठसा खोल वाटतोय. विक्रेत्याकडे आडव्या उजेडातले दोन्ही बाजूंचे फोटो आणि काचेवर ठेवलेल्या नाण्याचा छोटा व्हिडिओ मागितला आहे. आले तर बोली लावतो, नाही आले तर सोडून देतो.