अण्णांची गाडी नावावर करताना: माझा अनुभव

अण्णा गेल्यावर सगळ्या गाड्या आईच्या नावावर करायच्या होत्या. बाकीच्यांचं काम सुरळीत झालं. अडली ती एकच, आणि तिचा राग अजून डोक्यातून जात नाही.

अण्णा आधी दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होते. मग जुनी ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, घेतली आणि नारायणगावचा टोमॅटो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणू लागले. परतीचं भाडं मिळालं तर नशीब. चाकणला कारखाने वाढले तसं पार्ट्सचं काम मिळालं आणि कर्ज काढून पहिली कोरी दहाचाकी आली. तिचा एकही हप्ता त्यांनी चुकवला नाही. अडली ती हीच.

कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच. कंपनीच्या सहीशिवाय गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ पुढे सरकत नाही. कंपनीची आमच्या भागातली शाखा बंद झालेली, कंपनीच दुसरीत विलीन झालेली. नव्या ऑफिसात उत्तर मिळालं, 'फाइल सिस्टीमला दिसत नाही.' पुढच्या खेपेला फाइल दिसली, तर म्हणे बोजा उतरवायच्या, म्हणजे आरसीवरचं कंपनीचं नाव काढायच्या, फॉर्म ३५ वर कर्जदाराची सही हवी. मृत्यूचा दाखला टेबलावर होता! आईने पिशवीतून रबर लावलेला हप्त्यांच्या पावत्यांचा गठ्ठा काढला आणि म्हणाली, "साहेब, पैसे घेताना कधी काही अडलं नव्हतं." साहेबांनी पावत्यांकडे पाहिलंही नाही. 'हेड ऑफिसला मेल टाकतो' एवढंच.

तोवर गाडी उभी. मालक गेल्यावर ३० दिवसांच्या आत कळवलं, तर वारसाला त्याच परमिटवर ३ महिने गाडी चालवता येते. आम्ही कळवलं होतं, पण ते महिने या मेलामेलीतच संपले. विम्याचीही तीच गत, मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी जास्तीत जास्त ३ महिने चालते. ड्रायव्हरला घरी कसं बसवणार? पगार चालूच ठेवला.

शेवटी मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार दिली, पोच घेतली आणि स्पष्ट लिहिलं की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत. मुदत संपायच्या आत सह्याशिक्के मारलेले फॉर्म कुरियरने घरी आले! वारस म्हणून आईची सही चालली. म्हणजे पहिल्या दिवशीही चालली असती.

कर्ज फिटल्याचं कंपनी जे ना हरकत पत्र देते त्यावरची मुदत आधी बघा, आमच्या पत्रावर ९० दिवस छापलेले होते. आणि तुमचं कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ च्या दोन्ही प्रती मालक हयात असतानाच घ्या आणि त्याच आठवड्यात बोजा उतरवा. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसाही दोन-तीन प्रतींत जवळ ठेवा, आमच्याकडे तो ऐनवेळी मागितला होता.

आरसी आईच्या नावावर आली त्याच रात्री गाडी चाकणला लोडिंगला लावली.