लॅपटॉपवर बांधायचं, रास्पबेरी पायवर चालवायचं

ऊस वजनकाट्याच्या इंडिकेटरमधून सीरियल पोर्टवर आकडा उचलायचा आणि बाहेरच्या पडद्यावर कन्नड-मराठीत दाखवायचा, एवढ्या कामाला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक भरपूर झाला. काटा निपाणी-चिक्कोडीकडचा असो की मशीन उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपातलं, प्रोग्रॅम लिहिणारा लॅपटॉपवरच बसलेला असतो. दहावीस फाइली असतील तोवर थेट पायवर कंपाइल करायला हरकत नाही. क्यूटी (पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची लायब्ररी) किंवा आयसीयू (वेगवेगळ्या भाषांच्या मजकुराची लायब्ररी) यांच्यासारखं वजनदार काही बांधायला घेतलं की १ जीबीवाल्या पायची रॅम संपते, कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, कंपायलरला मधेच मारतो, आणि तेवढ्यात लाइट गेली तर एसडी कार्डही हातचं जायचं.

म्हणून क्रॉस-कंपाइल, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी प्रोग्रॅम बांधणं. यात कंपायलर क्वचितच चुकतो. घोळ घालतं ते बिल्डचं कॉन्फिगरेशन, कारण ते गुपचूप लॅपटॉपचं सामान उचलून पायच्या पिशवीत भरतं. खालच्या बहुतेक अडचणी याच एका खोडीच्या आहेत. (आज्ञा आणि व्हेरिएबलांची नावं उच्चाराप्रमाणं लिहिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग घ्या.)

आधी ऑटोकॉन्फचे, म्हणजे 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाचे, तीन शब्द. 'बिल्ड' म्हणजे जिथं कंपाइल चाललंय ते मशीन, 'होस्ट' म्हणजे तयार प्रोग्रॅम जिथं चालणार ते. कुंदा बेळगावात घोटला आणि खाल्ला कोल्हापुरात, तर बेळगाव बिल्ड आणि कोल्हापूर होस्ट. 'टार्गेट' फक्त कंपायलरच बांधणाऱ्याला लागतं, बाकीच्यांनी त्याला हात लावू नये. कॉन्फिगरला होस्ट म्हणून एआर्च६४-लिनक्स-जीएनयू (६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरवरचं लिनक्स) दिलं की पुढचं बरंचसं ते स्वतः ओळखतं.

पण पाय नक्की ३२ बिटांचा की ६४? इथं 'युनेम -एम' वर विसंबू नका. ३२ बिटांच्या रास्पबेरी पाय ओएसमध्येही कर्नल ६४ बिटांचा असू शकतो, मग युनेम एआर्च६४ सांगतं आणि खालच्या लायब्ररी सगळ्या ३२ बिटांच्या निघतात. खरं उत्तर 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' देतं. हे चुकलं की समोर दिसणारी फाइल चालवतानाही 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं. हरवलेला असतो तो तुमचा प्रोग्रॅम नव्हे, त्यानं मागितलेला लोडर, म्हणजे प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा. जुना पाय १ किंवा पहिला झीरो असेल तर प्रकरण आणखी वेगळं: तो आर्मव्ही६, म्हणजे जुन्या पिढीचा आर्म प्रोसेसर आहे, आणि डेबियनचा (पायची ओएस ज्या लिनक्सवर उभी आहे त्याचा) आर्मएचएफ, म्हणजे ३२ बिटांच्या आर्मसाठीचा, कंपायलर आर्मव्ही७ धरून चालतो. एमआर्च हा प्रोसेसर सांगणारा फ्लॅग बदलून भागत नाही, कारण प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडला जाणारा तयार कोडही आर्मव्ही७ चाच असतो. मग 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. त्याला टूलचेनच, म्हणजे कंपायलर-लिंकरचा अख्खा संच, वेगळी लागते.

यानंतरचा नेहमीचा धक्का जीलिबसीचा, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचा. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, म्हणजे जीलिबसी २.३५, आणि पायवर डेबियन ११ वरची ओएस, म्हणजे २.३१. साधा 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा तिथं 'जीलिबसी २.३४ सापडलं नाही' म्हणून थांबतो, कारण मेनच्या आधी चालणाऱ्या फंक्शनाला २.३४ मध्ये नवीन व्हर्जन मिळालं. नवा प्रोग्रॅम जुन्या जीलिबसीवर चालत नाही, जुना नव्यावर चालतो. लॅपटॉपवर वाट्टेल ते फ्लॅग देण्यापेक्षा पायवर जी डेबियन आहे तिचाच कंटेनर (लॅपटॉपच्या आतच वेगळी ठेवलेली ओएस) घ्या. आत 'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आर्म६४' करा, क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ बसवा, आणि लागतील त्या लायब्ररी नावापुढं ':आर्म६४' लावून घ्या. ६४ बिटांच्या पायसाठी यापेक्षा कमी कटकटीचा रस्ता नाही.

पायवरच्या लायब्ररी आरसिंकनं ओढून सिसरूट, म्हणजे पायच्या फाइलींची लॅपटॉपवरची नक्कल, बनवणारेही आहेत. चालतं, पण त्यातल्या काही सिमलिंक '/लिब' पासून सुरू होतात. त्या पायवर पायच्या लायब्ररीकडं बोट दाखवतात, लॅपटॉपवर मात्र लॅपटॉपच्या. त्या आधी रिलेटिव्ह करून घ्या, नाहीतर लिंकर एकतर 'सापडत नाही' म्हणतो किंवा चुकीच्या आर्किटेक्चरची फाइल म्हणून वगळतो.

सीमेक या बिल्ड मांडणाऱ्या साधनासाठी टूलचेन फाइल छोटी असते. सीमेक_सिस्टिम_नेम ला लिनक्स, प्रोसेसर, सी आणि सी++ चे कंपायलर. सिसरूट वापरत असाल तर सीमेक_फाइंड_रूट_पाथ ला तो फोल्डर, आणि शोधाचे मोड: प्रोग्रॅमसाठी 'नेव्हर', लायब्ररी, इन्क्लूड आणि पॅकेजसाठी 'ओन्ली'. कोड तयार करणारी साधनं लॅपटॉपची हवीत, जोडायच्या गोष्टी पायच्या, म्हणून ही उलटी वाटणी. ही फाइल बदलली तर बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा सुरू करा. जुन्या कॅशवर तासन्‌तास डोकं घालवण्यात अर्थ नाही.

पीकेजी-कॉन्फिगला, म्हणजे लायब्ररी कुठं आहे ते सांगणाऱ्या साधनाला, पीकेजी_कॉन्फिग_पाथ देऊन लोक फसतात. त्यानं नवी जागा फक्त वाढते, लॅपटॉपच्या जागा तशाच राहतात. नेहमीच्या जागांऐवजी दुसरी जागा दाखवणारं व्हेरिएबल पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर आहे. सिसरूटचा ढाचा असेल तर सोबत पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर.

कॉन्फिगर काही चाचण्या प्रोग्रॅम चालवून बघतं. क्रॉसमध्ये चालवता येत नाही, मग ते, विशेषतः जुनं असेल तर, वाईटच गृहीत धरतं. 'आरपीएल_मॅलॉक सापडत नाही' ही लिंकरची तक्रार तिथून येते. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) काय देतो हे तपासता आलं नाही, म्हणून त्याच्या जागी बदली फंक्शन मागितलं गेलं. उपाय एका ओळीचा: कॉन्फिगरच्या आधी एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस. क्यूईएमयू आणि बिनएफएमटी (आर्मचे प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवून देणारी जोडी) बसवलेल्या लॅपटॉपवर अशा चाचण्या मुकाट चालून जातात, आणि तोच बिल्ड दुसऱ्याच्या मशीनवर पडतो.

कन्नड-मराठी मजकुरासाठी आयसीयू लागली तर ती दोनदा बांधायची. डेटा तयार करणारी तिची साधनं बिल्डच्या मधेच चालवावी लागतात, ती आर्मची असली तर 'एक्झेक फॉरमॅट एरर'. एका फोल्डरात नेहमीसारखं कॉन्फिगर आणि मेक करून तो तसाच ठेवा, इन्स्टॉल नको. दुसऱ्या फोल्डरात त्याच सोर्सवरून होस्ट द्या आणि --विथ-क्रॉस-बिल्ड ला पहिल्या फोल्डरचा पूर्ण पाथ द्या, '../' असला अर्धामुर्धा नको.

पायवर नेण्याआधी 'फाइल' आज्ञेत आर्किटेक्चर आणि लोडर बघा, 'रीडएल्फ -डी' मध्ये लागणाऱ्या लायब्ररी.

एक चूक मात्र यातल्या कशातच दिसत नाही. सी भाषेतला अक्षर ठेवायचा 'चार' हा टाइप इंटेलच्या लिनक्सवर साइन्ड (उणे आकडे धरणारा) असतो, आर्मच्या लिनक्सवर अनसाइन्ड. गेटकॅर या अक्षर वाचणाऱ्या फंक्शनाचं उत्तर 'चार'मध्ये ठेवून ईओएफशी, म्हणजे इनपुट संपल्याची खूण असलेल्या -१ शी, ताडून बघणारा लूप लॅपटॉपवर नीट संपतो. पायवर त्या -१ चे २५५ होतात, लूप संपतच नाही, आणि काट्याचा पडदा शेवटच्या ट्रॉलीच्या वजनावर अडकून राहतो. -एफसाइन्ड-चार नं तात्पुरतं भागेल, पण ते व्हेरिएबल मुळात इंट हवं होतं.