गायकाचा आवाज उशिरा का येतो: 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'ची बांधणी

इंग्लिश रॉक बँड द क्युअरच्या या अल्बममधलं पहिलं गाणं 'अलोन' सुरू होऊन तीन मिनिटं उलटतात, तरी गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज येत नाही. शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात पहिला शब्द येईपर्यंत सहा मिनिटं सरलेली असतात. 1 नोव्हेंबर 2024 ला आलेल्या अल्बममध्ये गाणी आठच, एकूण वेळ 49 मिनिटं. याआधीचा अल्बम 2008 चा. मधल्या काळात स्मिथचे आईवडील गेले, भाऊ रिचर्ड गेला. हे सगळं शब्दांत आलेलं आहेच, पण अल्बमचा खरा भार आहे तो ऐकणाऱ्याला थांबवून ठेवण्यात. काळोख्या वळणाचं रॉक करू पाहणाऱ्यांनी ओळींच्या आधी ही बांधणी नीट ऐकावी.

लांब सुरुवात करणं सोपं नाही. समजा लय मिनिटाला 72 ठोक्यांची आहे. चार ठोक्यांचा एक बार 3.33 सेकंदांचा होतो आणि 64 बार म्हणजे साडेतीन मिनिटं. एवढा वेळ ऐकणाऱ्याला धरून ठेवायचा तर दर आठ बारला काहीतरी बदलायला हवं, आणि तो बदल लहान हवा: कीबोर्डच्या सुरावटीखाली एक सूर वाढतो, फ्लोअर टॉमचा (जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या ड्रमचा) एक ठोका जास्त पडतो, गिटार एक पट्टी वर चढते. नवशिक्या बँडची सुरुवात कंटाळवाणी होते ती लांबीमुळे नव्हे. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळी वाद्यं आलेली असतात आणि पुढे वाढवायला काही उरत नाही, म्हणून होते. 'अलोन'मध्ये वाद्यं भरगच्च आहेत, तरी प्रत्येक फेरीत कान कुठेतरी नवीन जागी जातो. शब्द येतात तोवर आपण त्या जागेत राहायला लागलेलो असतो. गाण्याला अर्नेस्ट डाउसन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या एका कवितेचा आधार आहे. सगळं संपून तळाशी गाळ उरल्याची ती कविता.

खालच्या पट्टीचं काम या बँडमध्ये कायम दोन ठिकाणी वाटलेलं असतं. सायमन गॅलपचा बेस गाण्याचा पाय रोवतो. आणि निदान 'डिसइंटिग्रेशन'पासून, म्हणजे 1989 पासून, स्मिथच्या हातातला सहा तारांचा बेस या बँडच्या आवाजाची खूण आहे. तो गिटारसारखाच लावतात, फक्त एक सप्तक खाली. त्याच्या वरच्या तारांवर वाजवलेली सुरावट गिटारपेक्षा जड आणि बेसपेक्षा बोलकी लागते. घरी हे करून पाहणाऱ्यांची पहिली अडचण ठरलेली: दोन्ही वाद्यं खाली एकमेकांवर चढतात आणि सगळं घुमायला लागतं. सहा तारांच्या बेसवरून 120 ते 150 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तो भाग साध्या बेसला मोकळा सोडा. बेसवर कोरस (सूर दुहेरी आणि किंचित डुलता करणारा परिणाम) लावायचा असेल तर सिग्नल दोन भागांत तोडा. साधारण 200 हर्ट्झच्या खालचा भाग कोरा ठेवा, परिणाम फक्त वरच्या भागावर द्या. असं केलं नाही तर तळ हलायला लागतो, आणि तळ हलला की संथ गाणं नुसतं सुस्त वाटतं.

यापुढचा मुद्दा रिव्हर्बचा, म्हणजे आवाजामागे उरणाऱ्या घुमाऱ्याचा. दुःखी गाणी सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. उदास म्हणजे खोल, खोल म्हणजे भरपूर रिव्हर्ब, असा समज असतो. या अल्बममध्ये कीबोर्डवर काढलेल्या तारवाद्यांच्या आवाजांना प्रचंड मोठी जागा आहे, पण स्मिथचा आवाज पुढे, जवळ आणि स्वच्छ आहे. शब्द न् शब्द कळतो. हा फरक मुद्दाम ठेवावा लागतो. तारवाद्यांना 4 ते 5 सेकंदांचा हॉल (मोठ्या सभागृहासारखा रिव्हर्ब) द्या, आवाजाला 2 सेकंदांच्या आसपासच. शिवाय आवाजाच्या रिव्हर्बला 40 ते 60 मिलिसेकंदांचा प्रीडिले ठेवा, म्हणजे मूळ अक्षर आधी कानावर पडतं आणि शेपूट नंतर येतं. रिव्हर्ब परत येतो त्या वाटेवर 250 हर्ट्झच्या खालचं आणि 7 किलोहर्ट्झच्या वरचं कापा. खालचं राहिलं तर चिखल होतो, वरचं राहिलं तर प्रत्येक 'स' फुत्कारतो. डिले, म्हणजे सुराचा ठरावीक वेळाने येणारा प्रतिध्वनी, लयीला बांधलेला बरा: 72 च्या लयीत एक ठोका 833 मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊण भाग 625. गिटारवर हा पाऊण भाग लावला की दोन ठोक्यांच्या मधली पोकळी आपोआप भरते आणि जास्त सूर वाजवायची गरज राहत नाही.

ड्रम्सबद्दल एवढंच, की जेसन कूपर टॉम्सचा वापर किती करतो ते ऐका. हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सतत चालू राहिली की संथ गाण्यालाही घाई लागते.

'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे भावाच्या मृत्यूचं गाणं. सुरुवातीला वादळाचा गडगडाट, मग पियानोवर मोजक्या सुरांची एक ओळ, आणि ती शेवटपर्यंत फिरत राहते. शब्दांत मृत्यूचं तत्त्वज्ञान नाही, त्या रात्रीची हकिगत आहे, त्यात 'मॅकबेथ'मधला एक तुकडा आलेला. गीत लिहिणाऱ्यांसाठी अख्ख्या अल्बममधला हा सगळ्यात मोठा धडा आहे. शोकगीत फसतं ते मोठ्या शब्दांनी: अनंत, शून्य, अंधार, काळ. असे चार शब्द एका कडव्यात आले की गेलेला माणूस नाहीसा होतो आणि फक्त लिहिणारा उरतो. काय घडलं ते क्रमाने सांगितलं तर सूर कमी असले तरी चालतात. इथे पियानोची ओळ बदलत नाही हेही योग्यच आहे. सांगणारा पुढे जातो, ओळ तिथेच अडून बसते.

या गाण्याची जागाही विचारपूर्वक ठरवलेली दिसते. चौथं 'वॉरसाँग' आणि पाचवं 'ड्रोन:नोड्रोन' ही अल्बममधली सगळ्यात खरखरीत, गोंगाटाची गाणी. त्यांच्या लगेच नंतर पियानो येतो. सलग तीन संथ गाणी ठेवली असती तर सहावं गाणं इतकं उघडं पडलं नसतं. क्रम लावताना लयीचा तक्ता करा आणि सगळ्यात हळव्या गाण्याच्या आधी सगळ्यात कर्कश गाणं ठेवून पाहा.

ही गाणी घाईने बाहेर आलेली नाहीत. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं, निर्मिती स्मिथ आणि पॉल कॉर्केट यांची. 2022 च्या ऑक्टोबरपासून यातली बरीच गाणी युरोपच्या दौऱ्यात लोकांसमोर वाजत होती, अल्बम दोन वर्षांनी आला. इतक्या लांब सुरुवाती लोक शांतपणे ऐकतात की नाही, हे स्टुडिओत कळत नाही. प्रेक्षकांसमोर पहिल्याच रात्री कळतं.

शेवटी मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा अखेरचा हात. 49 मिनिटांची आठ गाणी चार-चार अशी विनाइलच्या एका तबकडीच्या दोन बाजूंना वाटली तर 'एंडसाँग'मुळे दुसरी बाजू 26 मिनिटांच्या वर जाते. साधारण 22 मिनिटांपुढे खाचा दाटीने कापाव्या लागतात, त्यामुळे पातळी खाली आणावी लागते, बेस आक्रसतो आणि खरखर जास्त ऐकू येते. स्वतःचा अल्बम काढत असाल तर दोन तबकड्यांचा खर्च आधीच धरा. स्ट्रीमिंगसाठी उलटी चूक होते: सगळं दाबून उणे 7 लफ्सपर्यंत (लफ्स हे आवाजाच्या जोराचं माप) चढवतात. स्पॉटिफाय ते साधारण उणे 14 ला आणून ठेवतं, म्हणजे आवाजाचा जोर मिळत नाहीच, वर चढ-उतारही गेलेले असतात. आणि साडेतीन मिनिटांच्या सुरुवातीत हळूहळू चढवलेली पातळी सपाट झाली, तर गायकाचा आवाज उशिरा आणण्यात काही अर्थच राहत नाही.